‘राष्ट्रांचा न्याय’: न्याय भेटला की शिक्षा झाली?

पऱ्हाटी, दर्यापूर तालुका

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पाळकसाहेबांनी माझ्याकडं एक काम दिलंय. बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांनी, इस्राएलाच्या आजूबाजूच्या राष्ट्रांना जे सुनावलं, त्यावरचा एक इंग्रजी पाठ आपल्या बोलीत उतरवायचा आणि रविवारी दुपारी बायकांच्या बैठकीत वाचायचा. यशयाचे १३ ते २३, यिर्मयाचे ४६ ते ५१, यहेज्केलाचे २५ ते ३२ आणि आमोसाचे पहिले दोन अध्याय, एवढा पसारा आहे. मी पहिल्याच ओळीला अडले.

शीर्षक लिहिलं ‘राष्ट्रांचा न्याय’. मोठ्या आईला वाचून दाखवलं. ती ओसरीत सूप मांडीवर घेऊन तुरीची डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “बरं झालं बाप्पा. कोनाले तं न्याव भेटला.”

मी सांगितलं, हे शिक्षेचं आहे, बाबेल नगरी उजाड होते, निनवे नगरी बुडते. तर म्हणे, “मंग शिक्षा म्हन ना माय. न्याव कायले म्हनतं?”

तिचं खरंच आहे. कापसाच्या भावासाठी मोर्चा निघाला की आपण ‘न्याय द्या’ म्हणतो. न्याय मागून घ्यायचा असतो, त्याला कोणी भीत नाही. मग इथं काय लिहू? न्याय, न्यायनिवाडा, दंड, शिक्षा? आणि ‘राष्ट्र’ तरी ठेवू का? बायकांच्या मोबाईलवर याद्या फिरताहेत, आजचा कोणता देश कोणत्या अध्यायात सांगितलाय अशा. ‘राष्ट्र’ म्हटलं की पहिला प्रश्न येणार, आपलं कोणत्या यादीत?

वणीचे गुरुजी

‘न्याय’ सोडू नका. न्यायाधीश फाशी सुनावतो तेव्हाही तो न्यायच करत असतो. अर्थ अपुरा वाटत असेल तर ‘न्यायनिवाडा’ लिहा, तो शब्द पवित्र शास्त्रात रुळलेला आहे. ‘दंड’ मात्र नको. पूर्वी दंड म्हणजे राजाची शिक्षा होती, आता दंड म्हणजे पोलिसानं फाडलेली पावती.

खारपाण

मोठ्या आईंनी जे ऐकलं तेच मूळ हिब्रूत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. यवतमाळची बायबल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली. त्याआधी मी तिथं दोन वर्षं शिकलो. हिब्रूच्या सरांनी ‘शाफत’ या धातूवर आठवडा घालवला होता. शाफत म्हणजे नुसतं शिक्षा करणं नाही. विस्कटलेलं जागेवर आणणं, ज्याचं हिरावलं त्याला परत मिळवून देणं, हे सगळं त्यात येतं. त्याच धातूतून ‘मिश्पात’ झाला, म्हणजे न्याय, आणि त्यातूनच ‘शोफेतीम’. मराठीत त्या पुस्तकाचं नाव ‘शास्ते’ आहे. गिदोन, दबोरा हे शास्ते नुसते कोर्टात बसून शिक्षा ठोठावणारे नव्हते, लोकांना जुलमातून सोडवणारे होते.

आता स्तोत्र ९६ आणि ९८ उघडा. परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडं गातात, नद्या टाळ्या वाजवतात. शिक्षा यायची म्हणून नदी टाळ्या वाजवेल का? दबलेल्याला न्याय येतोय म्हणजे सुटका येतेय, आणि दाबणाऱ्याला तीच गोष्ट शिक्षा वाटते. दोन बाजूंनी पाहिलेला तो एकच दिवस आहे. ‘शिक्षा’ लिहिलंत तर ती अर्धीच बाजू बायकांच्या हाती पडेल, आणि त्यांच्या कामाची नेमकी दुसरी आहे.

सातपुडा, जळगाव जामोद

विषय थोडा वळवतो. तुमच्या पाठात ‘भाकीत’ हा शब्द आला असेल तर तो आधी काढा.

आमच्या तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोल आखून अठरा धान्यं ठेवतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची मातीची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, सांडई, कुरडई. विड्यावरची सुपारी म्हणजे राजा. रात्री तिथं कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काय हललं, काय सांडलं ते पाहून पीकपाणी आणि देशाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांपासून वाघ घराण्यात ही परंपरा चालत आली आहे. मी लहानपणापासून वडिलांबरोबर जातो. सुपारी जागची हलली नसली की गर्दीत आवाज उठतो, “राजा कायम!”

आमच्या कानाला भाकीत म्हणजे हे. आता बायकांना ‘बाबेलविषयीचं भाकीत’ वाचून दाखवलं तर त्या खरं ठरलं की खोटं ठरलं एवढंच विचारणार.

पऱ्हाटी

खरं तर ठरलंच ना? निनवे इसवीसनापूर्वी ६१२ मध्ये पडलं, बाबेल ५३९ मध्ये पारसच्या कोरेश राजानं घेतलं. पाठात हे ठळक दिलंय.

सातपुडा, जळगाव जामोद

मग योना संदेष्ट्याचं काय कराल? चाळीस दिवसांत निनवे धुळीला मिळेल म्हणून त्यानं शहरभर ओरडून सांगितलं. लोकांनी ऐकलं, राजा गोणपाट नेसून राखेत बसला, आणि चाळीस दिवसांनी काहीच झालं नाही. भाकीत म्हणून पाहिलं तर योना चुकला. पण देवाला हवं होतं ते झालं. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात हे स्पष्टच आहे, ज्या राष्ट्राला मोडीन म्हटलं ते वळलं तर देवही वळतो. घट मांडणारा पाऊस बदलायला सांगत नाही. संदेष्टा मात्र ऐकणाऱ्याला बदलायला सांगतो. जुन्या मराठी भाषांतरात त्याला ‘भविष्यवादी’ म्हणत, पुढं तो ‘संदेष्टा’ झाला, हे फार चांगलं झालं.

शब्दवेडी, नागपूर

‘संदेष्टा’ तरी कोणाच्या तोंडी आहे? दवंडी म्हणा. आमच्या गावी कोतवाल हलगी वाजवत यायचा, “ऐका हो ऐका” करत. निरोप तहसीलदाराचा, गळा कोतवालाचा, हे अख्ख्या गावाला कळायचं. त्याच्यावर कोणी चिडलं तर तो म्हणायचा, मी फक्त सांगायला आलो. आमोस मेंढरं राखणारा माणूस, त्याला बेथेलच्या देवस्थानातून हाकललं तेव्हा तो जवळजवळ हेच बोलला.

आणि ‘राष्ट्र’ऐवजी ‘मुलूख’ घ्या. मवाब, अम्मोन, अदोम म्हणजे काही आजच्यासारखी नकाशे आणि पासपोर्ट असलेली राष्ट्रं नव्हती. दोन-चार दिवसांत चालून पार व्हावेत असे ते मुलूख. शिवाय मुलूख अरबीतून आलाय, धातू म-ल-क. मालक त्यातलाच. हिब्रूत राजाला ‘मेलेक’ म्हणतात तोही याच धातूचा. म्हणजे यशयाच्या कानाला ‘राष्ट्र’पेक्षा ‘मुलूख’ जवळचा वाटला असता!

वणीचे गुरुजी

धातू जुळला म्हणून शब्द चालत नाही. हिब्रूत तिथं ‘गोयीम’ आहे, त्याचा मेलेकशी काडीचा संबंध नाही. ‘मुलूख’ म्हणजे जमीन, ‘गोयीम’ म्हणजे लोकसमूह. ‘राष्ट्र’ हा वेदांपासून चालत आलेला शब्द आहे, महाराष्ट्राच्या नावात आहे, तो का टाकायचा? धर्मग्रंथाची भाषा थोडी उंचच असावी. दवंडी आणि हलगी घातली की बाजारच होतो.

खारपाण

गुरुजी, इथं मात्र मला वाईट वाटलं. पंडिता रमाबाई संस्कृताच्या पंडिता होत्या. जड शब्द वापरायचे असते तर त्यांच्याइतका अधिकार कोणाचा? त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून आख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, कारण समोर बसलेल्या बायकांना ते कळावं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. उंच भाषा त्यांना येत होती, तरी त्या खाली बसल्या.

‘राष्ट्र’बद्दल माझी अडचण वेगळी आहे. शास्त्रात बिगर-यहुद्यांना ‘परराष्ट्रीय’ म्हटलंय, आणि पौल त्यांचा प्रेषित. माझ्या नातवानं विचारलं, पौल परराष्ट्र मंत्री होता का? शब्द तोच राहिला, पण त्याच्याभोवतीचं जग बदललं.

पऱ्हाटी

माझा प्रश्न सुटायच्या ऐवजी वाढला. तरी एक सांगते. काल रात्री आमोसाचे ते दोन अध्याय सलग वाचले आणि मोबाईलवरच्या याद्या मनातून उतरल्या.

आमोस एकेका शेजाऱ्याचं नाव घेतो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ‘तीन अपराधांमुळं, नव्हे चार अपराधांमुळं’ हे पालुपद प्रत्येकाला. आणि अपराध कोणते? दिमिष्कानं इस्राएलाच्या गिलाद मुलखातली माणसं लोखंडी अवजारानं मळली, खळ्यावर धान्य मळावं तशी. गज्जानं आख्खी वस्ती धरून गुलाम म्हणून विकली. अम्मोननं सरहद्द वाढवायला गरोदर बायका चिरल्या. मवाबानं अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला, यात तर इस्राएलाचं काहीच गेलं नव्हतं, तरी देवानं ते मोजलं. ऐकणारे इस्राएली खूश होत असतील, शेजाऱ्यांचं निघतंय म्हणून. मग तो इस्राएलाच्या भाऊबंद यहूदावर येतो. आणि शेवटी थेट इस्राएलावर, सगळ्यात लांब. रुप्यासाठी नीतिमानाला विकलं, वहाणांच्या जोडासाठी गरिबाला.

म्हणजे याद्यांमधला प्रश्नच उलटा आहे. कोणता देश कोणत्या वचनात बसतो हे शोधण्यापेक्षा कुठं माणसं मळली जाताहेत, कुठं सरहद्दीसाठी बायका मरताहेत, ते पाहायला हवं. आणि मग आपला काटा पाहायला हवा. आमोसाच्याच आठव्या अध्यायात खोट्या तराजूचं आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांनी कापूस नेला. घरून मोजून नेला होता. व्यापाऱ्याच्या काट्यावर कमी भरला, वर ओलाव्याच्या नावानं क्विंटलमागं दोन किलो कापले. बाबा काही बोलले नाहीत, कारण बोललं तर गाडी भरलेली परत आणायचा खर्च. घरी येऊन एवढंच म्हणाले, मापात पाप. ते वचन वाचताना मला बाबांचा चेहरा दिसला.

सातपुडा, जळगाव जामोद

ताई, हे तुम्ही आत्ता लिहिलंय तेच रविवारी वाचा. पाठ राहू द्या.

शब्दवेडी, नागपूर

नव्या करारातल्या मत्तयाच्या २५व्या अध्यायाचं पण पाहा, तिथंही राष्ट्रांचा न्याय आहे. ‘सर्व राष्ट्रे’ गोळा करतात आणि मग ‘त्यांना’ वेगळं करतात, मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसं. ग्रीकमध्ये ‘राष्ट्रे’ नपुंसकलिंगी आहे आणि ‘त्यांना’ पुल्लिंगी, म्हणजे तिथून पुढं माणसं मोजायला घेतली असं काहीजण म्हणतात. मराठीत ‘त्यांना’ तिन्ही लिंगांना सारखंच, त्यामुळं राष्ट्रं की माणसं हा प्रश्नच आपल्याला दिसत नाही.

आणि ‘शेरडं’ वऱ्हाडात कोण म्हणतं?

वणीचे गुरुजी

माझे आजोबा म्हणत.

सातपुडा, जळगाव जामोद

आमच्याकडं बकऱ्याच. दिवाळीनंतर कच्छकडचे रबारी उंट घेऊन उतरतात, त्यांची मेंढरं आम्ही खतासाठी वावरात बसवतो. मेंढरं-बकऱ्या एकत्रच चरतात. ऊन चढलं की लांबून ओळखू येतात. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली तोंड खुपसून गोळा होतात, बकऱ्या बांधावर चढून बाभळीला तोंड लावतात. रबाऱ्याला निवडायला वेळ लागत नाही.

खारपाण

‘निवडायला’! गुरुजी, निवाडा हा निवडण्यातूनच आलाय असं मला पहिल्यापासून वाटतं. डाळ निवडणं, मेंढरं निवडणं, भांडण निवडणं. मोठ्या आई सुपात जे करत होत्या तोच निवाडा. शीर्षक ‘मुलखांचा निवाडा’ करा.

वणीचे गुरुजी

निवडणूकही मग निवाडाच म्हणायचा का? ध्वनी जवळ आला की व्युत्पत्ती होत नाही. कोशातून आधार द्या, मान्य करीन.

खारपाण

आधार शोधतो. पण योएल संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायातलं ‘निर्णयाचं खोरं’ पाहा. तिथला हिब्रू शब्द ‘हारूत्स’. त्याचा अर्थ ठाम निर्णय, आणि मळणीचं अवजारही. आमोसात दिमिष्कानं गिलाद मळलं तिथंही हाच शब्द आहे. खळं, मळणी, निवडणं, हे सगळं त्या भाषेतही न्यायाच्या शेजारीच राहतं.

शब्दवेडी, नागपूर

आमोस ८:६ मध्ये गरिबाला गव्हाचं काहीतरी विकतात, इंग्रजीत झाडलोट असं आहे. मूळ शब्द ‘मप्पाल’, खाली पडलेलं. त्याला ‘भूस’ म्हणावं का?

वणीचे गुरुजी

भूस नव्हे. मातेरं. खळं उठल्यावर तळाला माती मिसळलेलं धान्य राहतं ते. ‘जन्माचं मातेरं झालं’ म्हणतो तो शब्द इथूनच. हा शब्द अस्सल आहे आणि तुमच्या मोठ्या आईंनाही कळेल. खळं झाडणाऱ्या बाईला ते फुकट द्यायची रीत होती. आमच्या घरी माझी आई द्यायची.

पऱ्हाटी

शीर्षकाची जागा अजून कोरी आहे. पण गुरुजींचं मातेरं घालून ते वाक्य आज मोठ्या आईला वाचून दाखवलं. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणे, “मातेरं इकलं? कोन होता थो?”

सातपुडा, जळगाव जामोद

आमची आई मातेरं तीनदा चाळून घ्यायची आणि मग दिव्याखाली बसून निवडायची. तुमच्याकडं चाळत की धुवून घेत?