थेरपिस्ट कसा निवडलात? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

गुडघ्याचा डॉक्टर हवा असला तर आपण खडेबाजारात भेटलेल्या माणसालाही विचारतो. समुपदेशक हवा असला की फोन घेऊन गच्चीवर जातो. त्यात ‘याला धारवाडला धाडायला पाहिजे’ हे इकडे प्रत्येकाने भांडणात कधीतरी ऐकलेलं असतं, म्हणून उपचार म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे आधी तेच येतं. धारवाडच्या डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, आज रीतसर उपचार मिळतात. पण खासगी थेरपिस्टकडे बसून बोलायचं झालं, तर तो निवडायचा कसा हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. कसा शोधलात, पहिल्या भेटीत काय विचारलंत, का टिकलात, का सोडलंत, ते लिहा. वाईट अनुभव असेल तर नाव टाळा, घडलं ते सांगा.

सुरुवात मीच करते. ‘काउन्सेलर’ अशी पाटी कुणीही लावू शकतं, म्हणून मी फोनवरच शिक्षण विचारलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. तो नंबर मागून घेता येतो आणि तपासताही येतो. समुपदेशन करणाऱ्या सगळ्यांकडे तो नसतो, सायकॉलॉजीत एम.ए. करून पुढे नीट प्रशिक्षण घेतलेली चांगली माणसंही आहेत. त्यांना विचारायचं, कुठे शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत. माझ्या थेरपिस्ट बाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. या प्रश्नावर जी व्यक्ती चिडली असती, तिच्यापुढे मला मन मोकळं करता आलं नसतं.

टिळकवाडीहून, नाव न देता:
आम्ही दोघं गेलो होतो. सासू-सासरे एकत्र, आणि आमचं बोलणं म्हणजे फक्त डब्याचं आणि मुलांच्या फीचं. नवऱ्याला वाटायचं, बाई समुपदेशक म्हणजे बायकोचीच बाजू घेणार. त्याने पहिल्याच भेटीत तसं विचारलं. मॅडम म्हणाल्या, “माझ्यापुढे तुमचं नातं बसलंय. कुणा एकाची वकिली करायला मी नाही.” मग त्यांनी नियम सांगितले. दोघांशी एकेकदा वेगळं बोलणार, पण त्यात निघालेली मोठी गोष्ट दुसऱ्यापासून कायमची लपवून ठेवणार नाहीत. ती सांगायला आपल्याला वेळ देतील, मदतही करतील. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते म्हणे, म्हणून जोडप्याने हे आधीच विचारावं.

मला विश्वास बसला तो वेगळ्याच कारणाने. सासऱ्यांनी कुठून तरी नंबर मिळवून त्यांना फोन केला, पोरांचं काय चाललंय विचारायला. त्यांनी सांगितलं, माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हेसुद्धा मी सांगत नाही. हे आम्हाला सासऱ्यांकडूनच कळलं, ते रागावून घरी बोलले तेव्हा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, अशा मोजक्या वेळी अपवाद. आपल्या गल्लीत तो हक्क पाळणारं माणूस भेटणं ही फार मोठी गोष्ट आहे.

निपाणीहून:
छातीत धडधड, हातपाय गार. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा आमच्या फिजिशियननीच सांगितलं की आता मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मी कोल्हापूर धरलं. निपाणीत क्लिनिकच्या पायरीवर तंबाखूच्या धंद्यातलं कुणी ना कुणी भेटणारच. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बोलण्यासाठी सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आणि थेरपी देणारा वेगळा असू शकतो, हे तोवर माहीत नव्हतं. नंतरची सेशन्स ऑनलाइन केली, गाडी उसाच्या शेताकडेला लावून, कारण घरात भिंतींनाही कान. गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून मध्येच बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

हुक्केरीकडून एक वाचक:
माझ्या बहिणीला नवरा मारायचा. एका ठिकाणी दोघांना एकत्र बसवलं आणि तिला समजुतीने घ्यायला सांगितलं. त्या रात्री घरी तिने तिथे जे बोललं त्याचाच हिशेब चुकता झाला. मारहाण असेल तर जोडप्याचं एकत्र समुपदेशन नकोच. आधी बाईला एकटीला, सुरक्षित ठिकाणी बोलू द्या. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात. पहिल्या भेटीत, नवरा समोर नसताना, “घरी तुम्हाला भीती वाटते का?” असं जो थेरपिस्ट विचारतो, त्याला आपलं काम कळतं. बहिणीला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

वडगाव, बेळगाव:
आई गेल्यावर बाबा मागावर बसेनात. जेवण सुटलं. “घर खायाला उठतंय” एवढंच म्हणायचे. मला मराठीच थेरपिस्ट हवा होता, पण ज्यांच्या कामाबद्दल सगळे चांगलं सांगत होते ते कन्नड घरातले. बाबांचं सूत-बाजारातलं बोलणं आयुष्यभर कन्नडमध्येच झालेलं, म्हणून गेलो. धंद्याचं, झोपेचं, तब्येतीचं बाबा कन्नडमध्ये सांगत होते. आईचा विषय निघाला आणि ते मराठीत शिरले, आमच्या घरच्या मराठीत. मी दुभाषा व्हायला पुढे झालो, तर डॉक्टरांनी हातानेच मला थांबवलं. “मला समजतं, बोलू देत त्यांना.” त्यांचं स्वतःचं मराठी मोडकं होतं, पण बाबांचं एकही वाक्य त्यांनी तोडलं नाही. पुढच्या वेळी मी बाहेर बसलो, बाबांनीच सांगितलं तसं. माझ्या मते भाषा बघावीच, पण थेरपिस्ट कुठल्या घरातला यापेक्षा आपलं माणूस त्याच्यापुढे कुठल्या भाषेत मोकळं होतं, ते बघावं.

चिकोडीहून, विद्यार्थी:
खासगी फी मला झेपत नाही. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. मी रात्री लावला होता. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही. फी कमी करता येते का, हे खासगीतही विचारा. विद्यार्थ्यांना काही जण सवलत देतात.

खानापूरहून:
पहिला थेरपिस्ट वाईट नव्हता, पण काही भेटींनंतरही मी तिथे फक्त बरं बोलून परत यायचो. तसं सांगून टाकलं. त्यांना राग आला नाही. त्यांनीच दुसऱ्यांचं नाव दिलं आणि माझी लेखी परवानगी घेऊन तोवरच्या कामाचा सारांश पाठवला. त्यामुळे नव्या ठिकाणी सगळं मुळापासून सांगावं लागलं नाही. गुपचूप जाणं बंद करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

धागा काढणारी:
गोकाक, अथणी, कागवाडकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही. तिकडे समोरासमोर बसून मराठीत बोलता येईल असं कुणी मिळालं असेल तर जरूर लिहा, माझी एक मैत्रीण तिकडे शोधते आहे.