मदत हवी आहे: लेकीच्या स्लेड हॉकीसाठी जादा आइस टाइम कसा मिळवायचा? (मिनेसोटा)

नमस्कार मंडळी, आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. लेक ११ वर्षांची, तिला स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) आहे, पायात ताकद नाही आणि पावलांना संवेदनाही नाही. दोन वर्षं झाली स्लेड हॉकी खेळतेय आणि सगळा आठवडा रविवारची वाट बघण्यात जातो तिचा. २०२२ ची बीजिंग पॅरालिम्पिकची फायनल (अमेरिकेने कॅनडाला ५-० हरवलं ती) यूट्यूबवर बघून बघून पाठ झालीये. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, हा बसून खेळायचा आइस हॉकीचा प्रकार, यात स्लेडवर म्हणजे बकेटसारख्या सीटमधे बसतात, खाली दोन ब्लेड्स, दोन हातात दोन आखूड स्टिक्स, एका टोकाने पक (रबरी चकती) मारायचा आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी दात असतात ते बर्फात रोवून स्वतःला पुढे ढकलायचं.

अडचण अशी की टीमला आठवड्यातून एकच तास बर्फ मिळतो. दिवाळीच्या सुमारास कोचने तिच्या स्लेडचे ब्लेड्स एकमेकांच्या जवळ आणले. एकमेकांपासून लांब असले की स्लेड स्थिर राहतो पण पटकन वळत नाही, जवळ आणले की झटकन वळतो पण तोल सगळा आपल्याला सांभाळावा लागतो. उजवीकडे छान जमतंय, डावीकडे वळताना दर वेळी आडवी होते. पडली की हातावर जोर देऊन उठते, त्याचं काही नाही, पण पन्नास वेळा पडून शिकायला वेळ तर हवा ना, ड्रिल चालू असताना तिच्या एका वळणासाठी सगळ्यांना कसं थांबवणार. परवा गाडीत म्हणाली, "आई, मला फक्त डावीकडे वळायला एक तास हवाय." तेव्हापासून मी फोन करत सुटलेय.

पब्लिक स्केटिंगला (रिंकवर सगळ्यांसाठी खुली वेळ असते ती) स्टिक चालत नाहीत. नियम कळतो मला, लहान मुलं असतात, पण तिच्या स्टिक्स म्हणजे तिचे पाय आहेत, त्या बाहेर ठेवून ती हलणार कशी? एका रिंकवाल्यांनी दातांमुळे बर्फ खराब होतो म्हणून नाही सांगितलं. मी विचारलं की फिगर स्केटिंगच्या मुली उड्या मारतात तेव्हा याहून मोठे खड्डे पडतात ते कसे चालतात, तर उत्तर नाही. पूर्ण रिंक भाड्याने घ्यायचा तर तासाला ३०० डॉलर, ते दर आठवड्याला नाही झेपणार.

तर विचारायचं होतं, स्टिक अँड पक सेशनला (स्टिक आणि पक घेऊन कोणीही सरावाला येऊ शकतं ती वेळ) स्लेडवाल्या मुलांना कोणी नेलंय का? तिथे मोठी मुलं जोरात शॉट मारतात आणि हिचं डोकं बर्फापासून जेमतेम तीन फुटांवर, हेल्मेटला पूर्ण जाळी आहे तरी धाकधूक वाटते. आणि पार्कमधले उघड्यावरचे रिंक फुकट असतात पण उणे दहात तिचे पाय गारठले तरी तिला कळणार नाही. पाय कसे झाकता, किती वेळ ठेवता?

प्रतिसाद
ताई, माझा भाऊ व्हीलचेअरवर असतो, आमचा अनुभव सांगतो. हीट पॅक थेट कातडीला अजिबात लावू नका, संवेदना नसली की भाजलेलंही कळत नाही. लोकरीचे मोजे, वर सैल बूट, आणि दर १५ मिनिटांनी वॉर्मिंग हाउसमधे (रिंकशेजारच्या उबदार खोलीत) नेऊन मोजे काढून रंग बघा, पांढरट किंवा करडा दिसला की त्या दिवशी खेळ बंद.
रिंकला फोनपेक्षा ईमेल करा, आइस शेड्यूलिंग बघणाऱ्या माणसाला. विकला न गेलेला तास शेवटच्या क्षणी स्वस्तात देता का आणि अर्धाच रिंक चालेल असं स्पष्ट लिहा. टीममार्फत यूएसए हॉकीचं (अमेरिकेतली हॉकीची राष्ट्रीय संघटना) रजिस्ट्रेशन असेल तर तेही लिहा, इन्शुरन्सचा प्रश्न येतोच. स्टिक अँड पकला शाळेच्या सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी जा, गर्दी कमी असते.

मूळ लेखिका
दादा खूप खूप आभार, हीट पॅकचं खरंच माहीत नव्हतं, मी तेच आणून ठेवले होते. ईमेल आज रात्रीच लिहिते, आणखी तीन रिंक आहेत अर्ध्या तासाच्या अंतरावर, तिघांनाही पाठवते. अर्धा रिंक काय, डावीकडे वळायला एक कोपरा दिला तरी चालेल.