साखर खाल्ली म्हणजे झालं, असं नाही

इथं एकांनी लिहिलंय की मधुमेहाच्या माणसाची रक्तातली शुगर उतरली तर साखर खायची, दहा मिनिटांत माणूस ठीक. साखर द्यायचीच, पण शरीरात गोष्ट तिथं थांबत नाही. शुगर ७० (mg/dL) च्या खाली गेली की अ‍ॅड्रिनलिन उसळतं. घाम, थरथर, धडधड या हार्मोनचीच. त्याच झटक्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, दाह वाढवणारी रसायनं सुटतात, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटायला लागतात. शुगर नॉर्मल आल्यावरही हा दाह काही दिवस रेंगाळतो, असं अभ्यासांत दिसलंय. हृदयाचा त्रास असलेल्यांनी म्हणूनच वारंवार शुगर उतरणं अंगावर काढू नये.

परभणीच्या आमच्या मामींचे नवरात्रात नऊ दिवस उपवास, आणि शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोजच्यासारखी चालू. पाचव्या माळेला घामानं चिंब झाल्या, जीभ अडखळायला लागली, मीटरवर ५२. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं. (माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.) डॉक्टरांनी नंतर उपवासाच्या दिवसांपुरता डोस बदलून दिला.

आपल्याकडं उपवास धरून तुळजापूरला पायी जाणारे कितीतरी आहेत. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि खिशात साखरेची पुडी ठेवाच.