फळमाशीचा बंदोबस्त : गावाने मिळून की ज्याने त्याने?

धागाकर्ता, देवगड

मे महिन्याच्या मध्यावर वळवाच्या सरी आल्या की हापूसच्या बागांत फळमाशीचा उपद्रव वाढतो आणि दरवर्षी तोच सल्ला मिळतो, सापळे लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा चांगला आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु त्यातील मिथाइल युजेनॉल या रसायनाच्या वासाला केवळ नर येतात. सालीला भोक पाडून आत अंडी घालते ती मादी, आणि मागे राहिलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो.

खरे बीज पडीच्या, म्हणजे गळून खाली पडलेल्या, आंब्यात असते. झाडाखाली कुजत असलेले फळ फोडून पाहिल्यास गरात वळवळणाऱ्या पांढुरक्या अळ्या दिसतात. पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडून शरीराची कमान करते, टुणकन उडी मारते आणि मातीत शिरून कोष करते, त्यातून पुढची पिढी निघते. एकाने बाग स्वच्छ ठेवली आणि शेजाऱ्याने पड तशीच टाकली, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. म्हणून ग्रामसभेने ठराव करून संपूर्ण वाडीत एकाच वेळी सापळे लावणे आणि पड उचलणे बंधनकारक करावे, असे माझे मत आहे. फळमाशी सापडल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला होता आणि बंदी उठायला २०१५ चा जानेवारी उजाडला, याचा विसर पडू नये.

प्रतिसाद, राजापूर

सक्तीला माझा स्पष्ट विरोध आहे. वाशीला जाणारा हापूस चौदा आणे तयार, म्हणजे पिकण्याआधीच, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवला जातो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीच्या फळाला माशीचा त्रास कमी होतो. झाडावर पिकतो तो बांधावरचा रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला गावठी आंबा, आणि पड मुख्यतः त्याचीच असते. ही झाडे बहुधा सामायिक असून हिस्सेदारांपैकी निम्मे मुंबईत असतात. ती पड रोज वेचायची कोणी, आणि मजुरी कोणी द्यायची? भाव ज्याला मिळतो त्याने खर्च करावा, हे सरळ आहे.

निर्यातीचे म्हणाल, तर युरोपला जाणारे फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात आणि अमेरिकेला २००७ पासून विकिरण केलेले फळ जाते. तो बंदोबस्त पॅकहाउसचा आहे, वाडीचा नव्हे. आज पड उचला म्हणणारे उद्या रायवळच तोडा म्हणतील, ही भीती मला वाटते. हापूसचे कलम ज्या रोपावर बांधतात, ते रायवळच्या कोयीचेच असते.

प्रतिसाद, रत्नागिरी

दोन्ही बाजूंनी ही माशी बाहेरून आलेली असल्यासारखी चर्चा चालली आहे. आंब्यावरची ही बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस मूळची आशियातलीच. आफ्रिकेत मात्र ती घुसखोर ठरली: २००३ मध्ये केनियात आढळली, झपाट्याने खंडभर पसरली आणि आंब्यावरच्या तिथल्या मूळच्या फळमाशीला तिने बऱ्याच अंशी हुसकावले. २००५ मध्ये तिला ‘इन्व्हॅडेन्स’ असे नवे नावही मिळाले होते. ती आपलीच माशी असल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले.

उपायांची दिशा या फरकावर अवलंबून आहे. जपानने ओकिनावाच्या बेटांवरून हिचे १९८६ पर्यंत समूळ उच्चाटन केले, तेही नरांना मारूनच. परंतु त्या बेटांभोवती समुद्र होता. आपल्याकडे आंबा संपला की माशी पेरू, चिकू, जांभळावर जाते, त्यामुळे उच्चाटनाची भाषा व्यर्थ आहे. संख्या आटोक्यात ठेवणे एवढेच साध्य आहे. त्यासाठी गावाने एकत्र येणे मला पटते, मात्र ओंबीलांची घरटी जाळणेही थांबवावे. या तांबड्या मुंग्या ज्या फळावरून फिरतात त्यावर फळमाशीची मादी अंडी घालायला कचरते, असे ऑस्ट्रेलिया आणि बेनिनमधील आंबा बागांत दिसून आले आहे.

धागाकर्ता

ओंबीलांनी भरलेल्या कलमावर चढायला एखादा गडी तयार करून दाखवावा, मग बोलू. शिवाय या मुंग्या झाडाचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणांना पोसतात, तो नवा ताप कोणी घ्यायचा? उच्चाटन मी कोठेही म्हटलेले नाही, आणि रायवळवर कुऱ्हाड चालवण्याला माझाही विरोधच राहील. सामायिक झाडांचा मुद्दा मात्र रास्त आहे. त्यांची मजुरी ग्रामपंचायतीने द्यावी, त्यात हापूसच्या बागायतदारांनी पेट्यांच्या प्रमाणात भर घालावी.

प्रतिसाद, राजापूर

तर मग ठरावात पैशाचे कलम पहिले येऊ द्या, बंधनाचे त्यानंतर. तसेच वेचलेली पड उकिरड्यावर टाकण्याची आपल्याकडची रीत बंद झाली पाहिजे, कारण अळ्या तिथेही मातीत शिरतातच. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ती काही दिवस कडक उन्हात ठेवावी लागते. या पिशव्या कोण पुरवणार, तेही त्याच ठरावात लिहावे.