मुशर्रफला दिलेली सलामी अजून डोक्यातून जात नाही. कुणाला असं होतं का?

तोफखाना_९९

नमस्कार मंडळी. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. दारव्हा तालुक्यात गाव, कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. इथं एरवी बोंडअळी अन् पीकविम्याच्या धाग्यांवरच लिहितो, आज विषय वेगळा आहे. कृपा करून पक्ष आणू नका.

प्रश्न असा की ज्याच्याशी लढलो तोच पुढे सरकारी पाहुणा म्हणून आला, तर माजी सैनिकाने तो राग ठेवायचा कुठे? माझा राग जुलै २००१ पासूनचा. तो माणूस, पाकिस्तानचा जनरल मुशर्रफ, ५ फेब्रुवारी २०२३ ला दुबईत मेला. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा बायको म्हणाली, "झालं आता, सोडा त्याचं नाव." नाही सुटलं.

आत्ता विचारायचं कारण, गावच्या शाळेने २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, भाषणाला बोलावलं आहे. मुख्याध्यापक भला माणूस. म्हणाले, "शौर्याचं तर सांगाच, पण शेजारधर्म, शांतता यावरही दोन शब्द बोला, पोरं लहान आहेत." शौर्याचं जमेल. त्या दोन शब्दांपाशी गाडी अडते.

१९९९ ला कारगिलच्या लढाईत आमची गन द्रासजवळ, रस्त्यापासून फार लांब नाही. बोफोर्स. गोळा चाळीस किलोच्या वर, तो दिवसरात्र उचलायचा. कानात कापूस कोंबायचो. कापूस पिकवणाऱ्याच्या कानात कापूस, असं म्हणून माझा जोडीदार हसायचा. तो बुलढाण्याकडचा, लोडर. गोळ्यावर खडूने नावं लिहायची त्याला खोड. कधी पोरीचं, कधी बैलाचं, एकदा सावकाराचं लिहिलं. तिकडचे लोक शिखरावर बसलेले, खालची प्रत्येक गाडी त्यांना दिसायची, त्यामुळे आमच्यावरही गोळे यायचे. टायगर हिल ४ जुलैला घेतली. जोडीदार त्याच आठवड्यात स्प्लिंटर लागून गेला. माझा उजवा कान तेव्हापासून शिट्टी वाजवतो.

आता नीट ऐका, कारण लोक चुकीचं समजतात. समोर लढलेल्यांचा मला राग नाही. टायगर हिलवर त्यांचा कॅप्टन कर्नल शेर खान म्हणून होता ('कर्नल' हे त्याचं नावच, हुद्दा कॅप्टन). तो असा लढला की आपल्या ब्रिगेडियरसाहेबांनी त्याच्या शवाच्या खिशात चिठ्ठी ठेवून पाठवलं, की हा शौर्याने लढला. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर दिलं. पण त्यांच्या कितीतरी जवानांची प्रेतं त्यांनी घेतलीच नाहीत. आमचं सैन्य नाहीच तिथं, मुजाहिदीन आहेत, हेच पालुपद. मग आपल्याच पोरांनी त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं. ज्याने ही लढाई रचली अन् स्वतःची मेलेली माणसं ओळखायला नकार दिला, तो दोन वर्षांत दिल्लीत पाहुणा.

१४ जुलै २००१. मी सुट्टीवर होतो, डवरणी चालू होती. दूरदर्शनवर राष्ट्रपती भवनाचं अंगण, गार्ड ऑफ ऑनर, आपले जवान सावधान. राष्ट्राध्यक्ष आला की एकवीस तोफांची सलामी, हा रिवाज. ती सलामी तोफखानाच देतो. म्हणजे आम्ही. त्यात गोळा नसतो, नुसती दारू, हे मला माहीत आहे. तरी पण. दर्यागंजची हवेली, बेगमसाहेबांबरोबर ताजमहाल, जेवणात काय काय होतं, हे सगळं कौतुकाने सांगून राहिले होते. जोडीदाराचं दुसरं वर्षश्राद्ध नुकतंच झालेलं. तेरवीला गावजेवण घालतात हो, पण मारणाऱ्याला पहिल्या पंगतीत बसवून नाही.

आहे का कुणी इथं माजी सैनिक? तुम्ही काय केलंत याचं?

कापूसकोंड्या

सर, जय हिंद. उपाय एकच. पाकिस्तान नकाशावरून पुसून टाका, ना राहील बांस ना पाहुणे. एकदाच काय तो निकाल लावा.

तोफखाना_९९

@कापूसकोंड्या, भाऊ तुम्ही कोणत्या गनवर होता?

स्पर्धापरीक्षा_अमरावती

काका, आधी तुम्हाला नमस्कार. रागावू नका, पण एक बाजू मांडतो.

सलामी माणसाला नसते, खुर्चीला असते. वाजपेयींनी मे २००१ मध्ये बोलावलं तेव्हा मुशर्रफ 'चीफ एक्झिक्युटिव्ह' म्हणवून घेत होते. २० जूनला ते राष्ट्राध्यक्ष झाले अन् महिन्याच्या आत दिल्लीत उतरले. राष्ट्राध्यक्ष म्हटल्यावर राजशिष्टाचार आला. आणि मिळालं काय त्यांना? १६ तारखेला आग्र्याच्या शिखर बैठकीतून मध्यरात्रीच्या सुमारास संयुक्त निवेदनाशिवाय रिकाम्या हाताने गेले. पण दार पूर्ण बंद केलं नाही म्हणूनच २६ नोव्हेंबर २००३ पासून नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली. चर्चा शत्रूशीच करावी लागते, मित्राशी काय करायची?

शिवाय आपला इतिहास पाहा. अफजलखानाची कबर महाराजांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी बांधू दिली. मेल्यावर वैर संपलं.

तोफखाना_९९

बेटा, खुर्चीला सलाम असतो हे तू मला नको सांगू. नोकरीभर तेच केलं. साहेब नालायक असला तरी खांद्यावरच्या फुल्यांना सलाम ठोकायचा. पण मग हिशेब सारखा ठेवा ना. फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी बसने लाहोरला गेले, तेव्हा वाघा सीमेवर स्वागताला त्यांचे सेनाप्रमुख आले नाहीत. कोण होता सेनाप्रमुख? हाच. आपल्या पंतप्रधानांची खुर्ची त्याला दिसली नाही का? अन् आपण पायघड्या घालायच्या.

२००३ चं मात्र तुझं खरं. मी तेव्हा राजौरीकडे होतो. त्याआधी बंकरमधून संडासला जायचं तर वाकून पळत. शस्त्रसंधी झाली अन् पोरं दिवसाउजेडी, भर उन्हात बादल्या घेऊन आंघोळ करू लागली. एकाने तर दोरी बांधून लुगड्यासारखा लांब टॉवेल वाळत घातला. ते पाहिलेलं आहे, त्यामुळे बोलणी करूच नका असं मी म्हणूच शकत नाही. बोला. पण टेबलावर बोला. वाजंत्री कशाला?

अन् महाराजांनी कबर बांधू दिली ती खान मेल्यावर. जिवंतपणी पालखीतून मिरवला नव्हता.

वऱ्हाडी_ठेचा

दादा, मिरवला नव्हता खरं, पण शामियाना असा भारी उभारला होता म्हणतात की खानाचेच डोळे फिरले. पाहुणचारात महाराजांनी हात आखडला नव्हता. फक्त आत काय घालून गेले होते ते निराळं 😄

तोफखाना_९९

हे मात्र मान्य. चिलखत घालून केलेला पाहुणचार आपल्याला चालतो. २००१ ला कुणी घातलं होतं काय माहीत.

लेक_मेहकरची

काका, लिहू की नको असं करत होते. माझे वडील त्याच लढाईत गेले. मी तेव्हा दुसरीत. तुमचा जोडीदार बुलढाण्याकडचा म्हणालात, ते माझे वडील नव्हेत, ते पायदळात होते. पण पोरीचं नाव गोळ्यावर लिहायचे हे वाचून जरा वेळ फोन बाजूला ठेवला.

तुमचा राग मला कळतो, पण आईचं सांगते. आईने आग्र्याचं सगळं टीव्हीवर पाहिलं. आजोबा शिव्या देत होते, काकांनी टीव्ही बंद करायला हात लावला, तर आई म्हणाली राहू द्या. तिला मुशर्रफचं काहीच वाटलं नाही. तो परका, त्याच्याकडून तिची अपेक्षाच नव्हती. तिचा राग एका कचेरीतल्या बाबूवर. वडिलांच्या नावात दाखल्यावर एक वेलांटी चुकली होती म्हणून त्याने तिला किती खेटे घालायला लावले! एकदा म्हणाला, "बाई, शहीद झाला याचा पुरावा आणा." ती पदर खोचून गेली होती, तशीच परत आली. त्या माणसाची बदली झाली, नंतर तो निवृत्त झाला, आता लग्नाकार्यात भेटतो, हात जोडून "कशा आहात वहिनी" विचारतो. आई त्याला पाणी देते. पण त्या दिवशी जेवत नाही.

तेव्हा शाळेत बोलाल तर वीरनारींचंही दोन वाक्य बोला. शांतताबिंतता नंतर.

निवृत्त_सुभेदार_७१

(आजोबा सांगत आहेत, मी नातू टाइप करतोय. जसं बोलले तसं.)

हवालदारसाब, रामराम. मी महार रेजिमेंटचा. तुमच्या अगोदरचा जमाना, १९७१. तुमाले वाटते का हे दुखणं तुमालेच झालं, तं तसं नाई. आमाले बी झालतं.

लढाई संपली अन् माही ड्युटी लागली युद्धकैद्यायच्या छावणीवर. त्र्याण्णव हजार कैदी आपल्या देशात. त्यायले जिनिव्हाच्या कायद्यानं रेशन टायमावर, डाक्टर टायमावर, चिठ्ठ्या लिवाले कागद. इकडं माह्या घरी दुष्काळ, बायको रोजगार हमीसारख्या कामावर खडी फोडे. मी तारेच्या बाहीर उभा राहून त्यायचं जेवन पाहो. लय राग ये.

मंग जून १९७२ ले पाकिस्तानचा भुट्टो शिमल्याले आला. पोरीले घेऊन. आकाशवाणीवर बातमी, का स्वागत झालं, बोलनी चालू हायेत. आमी सारे पेटलो. ज्यानं हजार वर्ष लढू म्हनलं थो आपला पाहुना. अन् २ जुलैले करार करून गेला. पुढं कैदी घरी गेले सारे. आपले चोपन्न जन त्यायच्या जेलात हायेत म्हनतात, ते काई आले नाई. तो हिशेब अजून बाकी हाय, अन् माहा राग तेवढ्याचाच उरला. भुट्टोचा गेला.

कसा गेला सांगतो. करार झाला त्या राती एक म्हातारा कैदी तारेपाशी आला. पंजाबी, हवालदारच, तुमच्यासारखा. म्हने, "उस्ताद, अब बीज बोने से पहले पहुँच जाऊँगा क्या?" त्याले पेरनीची पडली होती! मी म्हनलं माहीत नाई. थो पुढं वर्षभराच्या वर अडकूनच राह्यला, १९७३ च्या करारानंतर त्यायच्या गाड्या सुटल्या. दोन पेरन्या हुकल्या त्याच्या. भुट्टोनं पाहुनचार खाल्ला तवा ह्याच्यासाठी खाल्ला, का स्वतःसाठी, मले नाई माहीत. पन मी मनात म्हनलं, ह्या म्हाताऱ्याले घरी धाडाचं तं कोनीतरी कोनाच्यातरी संगं जेवलंच पाह्यजे. सलामी कराची पाळी माह्यावर आली नाई, ते बरं झालं. तुमच्या तोफखान्यावर आली, म्हनून तुमचं दुखनं माह्याहून मोठं. ते मी कमी नाई लेखत.

आता शाळेचं. मास्तर म्हनते तसे शांततेवर शब्द काढू नका. खोटं बोललं का पोट्ट्यायले लगेच समजते. तुमी त्या कॅप्टनच्या खिशातल्या चिठ्ठीचं सांगा. शौर्य बी त्यातच आलं अन् शेजारधर्म बी. आनखी काई जोडाची गरज नाई.

कापूसकोंड्या

शाळेत शत्रूचं कौतुक? वा. व्हिडिओ व्हायरल झाला की मग कळेल.

तोफखाना_९९

@कापूसकोंड्या, होऊ द्या व्हायरल. ती चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियरने लिहिली, मी नाही.

@लेक_मेहकरची, बाई, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. नावातल्या वेलांटीचा घोळ आमच्या जोडीदाराच्या घरीही झाला होता. त्याचं मी इथं लिहिलं नाही, कारण तेव्हा मी नोकरीत होतो अन् मला काही करता आलं नाही. तुझ्या मुद्द्याने माझ्या रागाची थोडी फाळणी झाली असं समज. अर्धा दिल्लीकडे होता, त्यातला काही आता इकडच्या कचेऱ्यांकडे वळला. कमी झाला असं नाही.

@निवृत्त_सुभेदार_७१, साहेब, रामराम. चिठ्ठीचं पक्कं करतो. मुख्याध्यापकांना आजच फोन केला. ते म्हणाले चालेल, फक्त प्रेतं, दफन हे शब्द चौथीच्या पुढच्या पोरांसमोरच वापरा. म्हणजे पहिली ते चौथीला बोफोर्स, अन् पाचवी ते सातवीला चिठ्ठी, असं दोनदा बोलावं लागेल. गोळ्यावर बैलाचं नाव लिहायचे हे दोन्हीकडे सांगणार.

पण तुमचं एक पटलं नाही. कुणीतरी कुणासोबत जेवलंच पाहिजे, बरोबर. तुमचा भुट्टो हरलेल्या देशाचा माणूस म्हणून आला होता, आपल्या हातात त्र्याण्णव हजार माणसं होती. त्याला घास गिळताना काय वाटलं असेल. माझावाला आला तो जिंकल्यासारखा. आग्र्यात सकाळी संपादकांना नाश्त्याला बोलावून आपल्यालाच कारगिल शिकवत होता. ह्यात फरक आहे का नाही, सांगा.

निवृत्त_सुभेदार_७१

(आजोबा म्हणतात,) फरक हाय. ते मान्य. पन हे फोनवर टाइप करून सांगाचं नाई, नातू कंटाळला. पुलगावच्या मिलिटरी कॅन्टीनले कवा येता?

तोफखाना_९९

पहिल्या आठवड्यात, गर्दी कमी असते. तूर डवरून झाली की येतो. कार्ड विसरू नका साहेब, मागच्या वेळी मी विसरलो नि खाली हात परत आलो.