‘मेंदूला फसवा, दुखणं पळेल’ म्हणणाऱ्यांसाठी

शिवारकर
परवा इथे एकाने लिहिलं: ‘हे शरीर माझं आहे, हा मेंदूचा निव्वळ भास. रबरी हाताच्या प्रयोगाने ते सिद्ध झालंय. तुटलेला हात-पाय दुखतो म्हणणाऱ्यांनी आरशासमोर बसावं, मेंदूला फसवावं, दुखणं पळतं.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवेना.

माझ्या चुलत्यांचा उजवा हात कडबा कुट्टीत कोपरापासून गेला. अजून रात्री उठून बसतात. ‘मूठ आवळली गेलीय, नखं तळव्यात रुततायत, सोडवता येईना’ म्हणतात. आणि डावा हात त्या रिकाम्या जागेत चाचपत राहतो. आधी देवऋषी झाला, मग ‘मनावर घेऊ नका’ सांगणारे डॉक्टर, आता तुम्ही.

प्रयोग तरी नीट वाचा. बॉटविनिक आणि कोहेन, १९९८. खरा हात पडद्याआड, समोर टेबलावर रबरी हात, दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळाने माणसाला स्पर्श रबरी हातावरच होतोय असं वाटायला लागतं. पण दोन ब्रशची वेळ मागेपुढे केली की ते बिनसतं. रबरी हात भलत्याच दिशेला वळवून ठेवला तरी बिनसतं. म्हणजे मेंदू समोर येईल ते गिळत नाही. डोळे, कातडी आणि सांधे-स्नायू यांच्याकडून येणारी खबर एकमेकींशी जुळते का, हे तो सतत ताडून बघतो. अख्खा जन्म चाललेल्या या कामाला ‘निव्वळ भास’ म्हणता?

विज्ञाननिष्ठ
ती पोस्ट माझी. तुमच्या चुलत्यांबद्दल वाईट वाटतं, पण भावना दुखावल्या म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. काही मिनिटांत रबराचा तुकडा ‘माझा’ वाटू शकतो, तर त्या ‘माझा’ला किंमत किती? उलटंही घ्या. क्लिंट हॅलम. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये लिऑंला त्याला दुसऱ्याचा हात बसवला. जिवंत हात, रक्त वाहतंय, बोटं हलतायत. तरी तो आपला वाटेना, म्हणून २००१ मध्ये त्याने तो काढून घेतला. आपलेपणा हाडामांसात नसतो, मेंदू ठरवतो. एवढंच म्हणत होतो.

मृण्मयी_फिजिओ
हॅलमची अर्धी गोष्ट सांगू नका. शरीराने परका हात नाकारू नये म्हणून जी औषधं कायम घ्यावी लागतात ती त्याने बंद केली होती. शरीर हात नाकारत होतं, तेव्हा मनानेही नाकारला यात नवल काय?

आता आरसा. मी रुग्णांना देते, म्हणून बोलते. मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात ही युक्ती काढली: धड हाताचं किंवा पायाचं प्रतिबिंब गेलेल्याच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा. २००७ मध्ये अमेरिकेत पाय गमावलेल्या सैनिकांवर छोटी चाचणी झाली. २२ जण घेतले, १८ शेवटपर्यंत टिकले. एका गटाला आरसा, दुसऱ्याला झाकलेला आरसा, तिसऱ्याला नुसती कल्पना करायला सांगितली. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. आरसेवाल्या सगळ्यांचं दुखणं कमी झालं. बाकीच्यांत काहींचं वाढलं. गट इतके लहान की त्यावरून ‘दुखणं पळतं’ असा डांगोरा पिटता येत नाही. माझ्याकडे काहींना आराम पडतो, काहींना काहीच होत नाही, एखाद्याला आरशात बघितल्यावर गरगरतं. आणि आधी स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला भाग, तपासायचा असतो. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ असेल, सॉकेट (कृत्रिम अवयवाची, स्टंप ज्यात बसतो ती खोबण) रुतत असेल, तर आरसा काय करणार?

साधक
‘देह म्हणजे मी नव्हे’ हे आपल्याकडे शतकानुशतकं सांगितलं जातंय. पाश्चात्त्यांना आता कळतंय. देहभान सुटलं की दुखणं सुटतं.

बोरीवली_फास्ट
साधक, देहभान खरंच सुटतं तेव्हा काय होतं ते मी बघितलंय. माझ्या मावशीला अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘हा हात कुणी ठेवला गं इथे? तिकडे सरकव.’ तिचाच हात. तिच्याच बांगड्या. मी बांगड्या दाखवल्या तर म्हणाली, ‘त्या माझ्या आहेत, हात नाही.’ बाई पूर्ण शुद्धीत होती, मुलांची नावं, घराचा पत्ता, सगळं बरोबर. याला मोक्ष म्हणू नका. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली होती.

शिवारकर
इयान वॉटरमन नावाच्या ब्रिटिश तरुणाचंही तेच. १९७१ मध्ये १९ वर्षांचा असताना आजारपणात त्याची मानेखालची स्पर्शाची आणि हात-पाय कुठे आहेत याची जाणीव गेली. स्नायू शाबूत, पण हात उचलायचा तर हाताकडे बघत बसावं लागे. दिवे गेले की कोसळायचा. देहभान सुटणं म्हणजे हे, साधक.

लाल_डबा
मी इथे गुडघ्याखाली एक पाय नसलेला एकटाच दिसतोय. पाय ‘माझा’ वाटतो का, हे मला आजवर एकाही डॉक्टरने विचारलं नाही आणि मला त्याची पर्वाही नाही. मी जयपूर फूट घालून अनवाणी शेतात जातो, मांडी घालून जेवतो. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी तो आपल्या माणसांचं चालणं-बसणं बघून केला. तुम्ही रबरी हातावर वाद घालताय. आमच्या रबरी पायावर बोला की!

विज्ञाननिष्ठ
पण तो सहज वापरता येतो कारण मेंदू त्याला शरीरात धरतो. हा माझाच मुद्दा.

लाल_डबा
मेंदू धरतो, सॉकेट धरत नाही! पाय बसवल्यावर काही महिन्यांत स्टंप बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, घासून घासून जखम होते. पाय वाटपाच्या ज्या कॅम्पात मिळाला तिथले लोक फोटो काढून निघून गेले. पुन्हा माप घ्यायला कोण येणार? मोज्यावर मोजे चढवून दिवस काढले.

पुणेकर_७०
गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांना विचारा. माझ्या भावाला त्या पायाने मांडी घालता येत नाही, गुडघा अडतो. सरसकट कौतुक नको.

लाल_डबा
कौतुक पायाचं करतोय, कॅम्पचं नाही! आणि तुमच्या भावाला लाखभराचा परदेशी पाय परवडत असेल तर घ्या, आमच्यावर का येता?

पुणेकर_७०
परवडत नाही म्हणूनच सांगतोय. जरा आवाज खाली.

मृण्मयी_फिजिओ
दोघंही बरोबर आहात, आणि दोघांचीही तक्रार मोजमापाचीच आहे. सैल सॉकेट असेल तर चालताना स्टंपकडून येणारी खबर रोज बदलते. पाय अंगवळणी पडणार कसा? विज्ञाननिष्ठ, तुमच्या पोस्टमध्ये यातलं काहीच नव्हतं.

विज्ञाननिष्ठ
‘दुखणं पळतं’ हे वाक्य काढतो. ‘भास’ शब्द ठेवणार. २०२० मधल्या अभ्यासात दिसलंय की सूचनांना लवकर बळी पडणाऱ्यांना रबरी हात जास्त ‘आपला’ वाटतो. म्हणजे तुमच्या ‘ताडून बघण्या’तही अपेक्षेचा वाटा आहे.

शिवारकर
वाटा असेल. रात्री दोन वाजता आवळलेल्या मुठीची अपेक्षा कोण करतं, ते सांगा. मृण्मयीताई, काकांना आरसा द्यायचा तर सुरुवात कशी करू?

मृण्मयी_फिजिओ
आधी स्टंप दाखवा, गाठ आहे का बघू दे. मग आरसा छातीसमोर उभा, काच डाव्या हाताकडे, स्टंप आरशामागे. डाव्या हाताची मूठ हळू उघडायची आणि नजर आरशातल्या हातावर. अंगठी-घड्याळ काढून ठेवा. दुखणं वाढलं तर लगेच थांबवा. लाल_डबा, तुम्ही मेसेज करा, सॉकेटचं बघते.