वरणावर तूप (तिन्ही विंग्जचा ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

स्नेहल, बी-९०३ (दुपारी १:२२): राणे काकू, आज परत वरणावर तूप. झाकण उघडलं तर वर पांढरा थर थिजलेला, ऑफिसच्या एसीत दुसरं काय होणार. डबा लावतानाच सांगितलं होतं की दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर काहीच नको. कोरड्या पोळ्या आणि काकडी खाऊन बसलेय, पाचपर्यंत मीटिंगा आहेत. तुम्हाला वेगळा मेसेज केला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. म्हणून इथे लिहावं लागतंय.

राणे काकू, ए-२०१: अगं एकच्या सुमाराला मी मोबाईल बघू का तवा? तुझ्या डब्याला हिरवं रबर लावते मी रोज. आज नवीन मावशी होत्या, त्यांनी सरसकट सगळ्या वरणांवर चमचा सोडला. पोरीला कमी का म्हणून. घरी कढवलेलं साजूक आहे गं.

स्नेहल, बी-९०३: साजूक असण्याबद्दल शंकाच नाही काकू. 🙏

कुलकर्णी वहिनी, बी-९०४: चमचाभर तुपाने काय होतंय? आमच्याकडे तूप वाढल्याशिवाय पहिला घास घेत नाहीत. हल्ली सगळ्याचंच काहीतरी असतं. कोजागिरीला काय झालं ते आठवतंय सगळ्यांना.

स्नेहल, बी-९०३: कोजागिरीला मी माझं बदामाचं दूध माझ्या पातेल्यात आणलं होतं, वहिनी. कोणाला आग्रह केला नव्हता.

म्हात्रे, ए-६०३: ते पातेलं आमच्या पोरांनी संपवलं होतं. मसाला दूध उरलं होतं.

पाटील, सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक तक्रारी वैयक्तिक नंबरवर कराव्यात. हा ग्रुप सूचनांसाठी आहे. उद्या १० ते १ टाकी सफाई, पाणी भरून ठेवावे.

सावंत, ए-११०४: टाकीवर नवीन मावशींना पाठवू नका. वरून चमचाभर सोडतील.

देशपांडे काका, सी-४०२: ज्यांनी दूध सोडले आहे त्यांच्यासाठी. शेंगदाणे, सोया, नाचणी कितीही खाल्ली तरी बी-१२ मिळत नाही. ते वनस्पतीत नसते. रक्त तपासून घ्यावे व डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

स्नेहल, बी-९०३: हो काका, घेते गोळी. प्रश्न दुपारच्या जेवणाचा आहे. ऐरोलीला ऑफिस आहे. कॅन्टीनचं ताट म्हणजे पनीरची भाजी, बटर सोडलेली डाळ, तुपावरचा जिरा राईस, दह्यातली कोशिंबीर, गुलाबजाम. सगळ्यावर हिरवा ठिपका, आणि मला खाता येतं ते लोणचं. बाहेर रोज रोज काय खायचं? पोहे, इडली, वडापाव सगळं चालतं मला. पण चार वाजले की पोटात परत खड्डा.

शिंदे, बी-१०२: जैन डबा लाव ना मग. आमच्या ऑफिसात येतो, एकदम शुद्ध.

शाह भाभी, बी-३०४: शिंदे भाऊ, जैन डब्यात कांदा, बटाटा, लसूण नसतो. तूप-दही तर भरपूर असतं. आमच्या घरात तेच खाऊन सगळे गोल झाले. स्नेहल बेटा, फरसाणवाल्याकडेही विचारून घे. ढोकळा, हांडवो दह्यात भिजवतात. थेपल्यात दही असतं. खमण बहुतेक ठिकाणी लिंबाच्या फुलाचा असतो, पण काही जण त्यातही दही घालतात. खाखऱ्याला तूप लावलेलं असू शकतं, पाकीट उलटून वाच.

निखिल, सी-७०१: पाकिटावर घटकांच्या खाली ॲलर्जीची ओळ असते, तिथे दूध असेल तर लिहावंच लागतं. हिरवा ठिपका फक्त मांस-मासे-अंडं नाही एवढंच सांगतो. एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ मध्ये व्हेगन (प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या) पदार्थांचे वेगळे नियम आणले, त्यांचं चिन्ह वेगळं आहे, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही. आपल्या दुकानातल्या बिस्किटांवर क्वचितच दिसतं. मला दूध पचत नाही म्हणून वाचायची सवय लागली.

राणे काकू, ए-२०१: निखिल, तू पण यांच्यातलाच का? अरे तू तर माझ्याकडे तूप-मेतकूट-भात खातोस.

निखिल, सी-७०१: काकू, तुपात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळजवळ नसतं, ते मला पचतं. दुधाचा चहा प्यायलो की त्रास होतो. माझं पोटाचं आहे, स्नेहलचं गाई-म्हशींचं आहे.

राणे काकू, ए-२०१: मग तुझ्या डब्याला कुठल्या रंगाचं रबर लावू?

शिंदे, बी-१०२: ज्याची त्याची पाळीव गाय घेऊन या आता. कुत्र्यांचं झालं, मांजरांचं झालं.

जोशी मॅडम, सी-२०५: शिंदे, कुत्र्यांचा विषय मीटिंगमध्ये संपला आहे. मुद्दाम उकरू नका.

पाटील, सेक्रेटरी: 🙏🙏 विषयाला धरून.

सावंत, ए-११०४: स्नेहल, मी आठवडाभर भिवंडी, पडघा, शहापूर करतो. धाब्यावर नान घेऊ नकोस, पिठात दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी घे. पण ऑर्डर देताना ‘बटर नको’ म्हटलंस तर वेटरच्या डोक्यात राहत नाही. भट्टीवाला सळईने रोटी काढतो आणि त्याच हाताने बाजूच्या डब्यातला ब्रश मारतो, आतून आलेला निरोप त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. उठून भट्टीवाल्यालाच सांगायचं. डाळ सांगताना ‘साधी, तेलाची फोडणी’. नुसतं दाल फ्राय म्हटलं की वर अमूलची वडी तरंगत येते. आणि शेवभाजी. शेवभाजी खाऊन कोणी चार वाजता भुकेला राहिलाय असं मी तरी बघितलं नाही.

स्नेहल, बी-९०३: सावंत दादा, पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं.

सावंत, ए-११०४: थांब, अजून मुख्य सांगायचंय. तू मालवणी खानावळीत जात नाहीस, बरोबर?

स्नेहल, बी-९०३: तिथे माझं काय काम?

सावंत, ए-११०४: तिथेच काम. आमच्याकडे दूध लागतं चहापुरतं. वाटप ओल्या किंवा भाजलेल्या खोबऱ्याचं, मलई-बटर कोणी आणतच नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं, तांदळाची भाकरी किंवा वडे, कुळथाची पिठी, भात, वर सोलकढी. सोलकढीचं ‘दूध’ नारळाचं. व्हेज थाळी मिळते की नाही विचारायचं, ती बोर्डावर सगळ्यात खाली बारीक अक्षरात असते. एकच खबरदारी, पळी आणि तवा वेगळा आहे का ते बघ. काळा वाटाणा ताटात असला की चारचा खड्डा संध्याकाळी सातला पडतो.

कुलकर्णी वहिनी, बी-९०४: म्हणजे तूप नको, पण मासळीच्या तव्याशेजारी बसून जेवायचं. छान.

सावंत, ए-११०४: वहिनी, लिफ्टमध्ये सुक्या बोंबलाच्या वासाची नोटीस कोणी लावली होती हे मला अजून कळलेलं नाही. अक्षर मात्र ओळखीचं वाटत होतं.

कुलकर्णी वहिनी, बी-९०४: हा संदेश हटवला गेला

म्हात्रे, ए-६०३: वाचला होता वहिनी.

देशपांडे काका, सी-४०२: परत टाकतो, वरती गेला. शेंगदाणे, सोया, नाचणी कितीही खाल्ली तरी बी-१२ मिळत नाही. ते वनस्पतीत नसते. रक्त तपासून घ्यावे.

म्हात्रे, ए-६०३: सावंतांनी मालवणचं सांगितलं, आता इथलं ऐका. आमच्या आगरी घरात तांदळाची भाकरी आणि वाल. मोड आणलेले वाल सोलून, नारळ घालून. त्यात दुधाचा थेंब नसतो. आजी शेतावर न्यायची ते हेच, भाकरी, वाल, सुकी मिरची. तेव्हा व्हेगन-बिगन कोणी म्हणत नव्हतं, दुपारभर चिखलात उभं राहायचं म्हणून खायचे.

कुलकर्णी वहिनी, बी-९०४: वालाच्या बिरड्या आमच्याकडेही होतात. त्याला काही कोणाची मक्तेदारी नाही.

मुग्धा, सी-६०४: मला पण हेच वाटतं. बाहेर ‘चालणारं’ बरंच मिळतं, पण त्यात कडधान्य नसतं. इडली घेतली तर सांबार दोनदा मागून घ्यायचं. उडप्याकडचा उपमा तुपावरचा असू शकतो, रवा डोशात कधीकधी ताक असतं, चटणीत दही असतं, तीन गोष्टी विचारून घ्यायच्या. साधा डोसा तेलावर सांगितला तर करून देतात. दुपारी साडेबाराच्या आत गेलं तर विचारायला वेळ मिळतो. एक वाजता विचारलं की वेटर मान हलवतो आणि बटर टाकूनच आणतो.

शिंदे, बी-१०२: मिसळ खा. मामलेदारची. संध्याकाळपर्यंत भूकच काय, दुसरं काहीच सुचणार नाही.

स्नेहल, बी-९०३: मिसळ आवडते, दही नको म्हटलं की झालं. पण ती खाऊन ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभी राहायची हिंमत नाही माझी.

निखिल, सी-७०१: बॅगेत काहीतरी ठेवत जा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, फुटाणे त्याच्या थोडे खाली. कोरड्या सोया चंक्समध्ये पन्नासच्या आसपास. माझी बायको ते भिजवून, पिळून, कांदा-मसाल्यात परतून पोळीत गुंडाळून देते. ट्रेनमध्ये उभ्याने खाता येतं.

शिंदे, बी-१०२: बायको देते. ऐका बायकांनो.

मुग्धा, सी-६०४: शिंदे, तुमचा डबा कोण भरतं ते आम्हाला माहीत आहे. आज दरवाजातच विसरलात, सिक्युरिटीने रिक्षापर्यंत पळत आणून दिला.

राणे काकू, ए-२०१: सगळ्यांचं बोलून झालं असेल तर मी बोलू का. चूक माझ्या स्वयंपाकघरात झाली, मान्य. पण एका डब्यासाठी वेगळी फोडणी, वेगळं भांडं नाही परवडत. पोळ्यांना मी तूप लावते, कारण तेलाच्या पोळ्या दुपारपर्यंत वातड होतात अशी दुसऱ्यांची तक्रार येते. पाच-सहा जण असतील तर वेगळा घाणा करीन. एरवी नाही जमणार. इथे तोंडावर सांगते, मागून नाही.

शाह भाभी, बी-३०४: माझी सून घेईल. तिनेही दूध सोडलंय सहा महिने. मला न सांगता.

मुग्धा, सी-६०४: मी. व्हेगन नाही, पण उसळ असेल तर मला हवाच आहे.

निखिल, सी-७०१: मी पण. रबर कुठलंही लावा.

म्हात्रे, ए-६०३: आमच्या धाकट्याला. महापेला जातो, तिथे रोज फ्राईड राईस खातो.

सावंत, ए-११०४: मंगळवार-गुरुवार मला. त्या दिवशी ठाण्यातच असतो.

राणे काकू, ए-२०१: एका डब्यामागे दहा रुपये जास्त पडतील.

सावंत, ए-११०४: काकू, तूप काढून घेताय आणि वर दहा रुपये? उलटे कमी व्हायला हवेत.

राणे काकू, ए-२०१: तुपाच्या जागी ओलं खोबरं आणि कूट जाणार. नारळ काय भावाने आणते ते मार्केटला माझ्याबरोबर येऊन बघा एकदा. पिशव्या पण धरा.

स्नेहल, बी-९०३: दहा चालतील काकू. पण पोळ्या तेलाच्या असतील तर कणीक जरा सैल आणि तेल आत घालून मळा, वरून नको. माझी आई तशी करते, दुपारपर्यंत मऊ राहतात.

राणे काकू, ए-२०१: तीस वर्षं पोळ्या लाटतेय बाळा.

राणे काकू, ए-२०१: बघते करून.

पाटील, सेक्रेटरी: हा विषय इथे संपवू या. डब्याचा वेगळा ग्रुप करावा. टाकी सफाई उद्या १० ते १.

देशपांडे काका, सी-४०२: वेगळा ग्रुप झाला की मला घ्यावे. बी-१२ बद्दलची माहिती तिथेही टाकतो.

निखिल, सी-७०१: काका 🙏

राणे काकू, ए-२०१: सोमवारपासून. सोमवारी मसुराची उसळ, दुधीची कूट घालून भाजी, तेलाच्या पोळ्या, आमटी-भात. मंगळवारी काळा वाटाणा, सावंत दादा, वाटप घरी तुमच्या बायकोला विचारून मला फोनवर सांगा. डबे लाल झाकणाचे. मावशींना ताकीद दिलीय, लाल झाकणं ओट्याच्या त्या टोकाला, तुपाची वाटी या टोकाला. ८:१० ला गेटवर, उशीर झाला तर मी थांबणार नाही. पैसे महिन्याचे आगाऊ.

स्नेहल, बी-९०३: पाठवले. आणि काकू, सगळ्यांसमोर लिहिलं त्याबद्दल राग नको.

राणे काकू, ए-२०१: राग कसला. पुढच्या वेळी फोन कर, टिका बघत बसू नकोस.

कुलकर्णी वहिनी, बी-९०४: राणे वहिनी, बिरड्या कुठल्या दिवशी आहेत? त्या दिवशी आमचे दोन डबे. तूप आम्ही घरी घालून घेऊ.

राणे काकू, ए-२०१: शुक्रवारी. पण किलोभर वाल सोलायला तास-दीड तास जातो. गुरुवारी संध्याकाळी पाचला या, दोघी मिळून सोलू.